स्वभाव रक्तात असतो म्हणे!

सध्या एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, अपार्टमेंटच्या ग्रुपवर, सूत-टॉवेलवाल्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. परदेशात उभी हयात काढलेल्या कुणा मराठी माणसाचे अनुभवाचे बोल म्हणून तो येतो. माणसाचं नाव मात्र कुठेच नसतं. मजकूर थोडक्यात असा:

“निसर्गानं प्रत्येक देशाला एकेक स्वभाव वाटून दिलाय. जर्मन माणूस मिनिटाला पक्का. जपानी जन्मजात कष्टाळू. स्विस शांत आणि प्रामाणिक. फ्रेंच बेडूक खाणारा. अमेरिकन आईबापांना वृद्धाश्रमात टाकणारा. ज्यू रक्तानंच व्यापारी. चिनी फसवा, त्याचा मालही तसाच, आणि उपकाराची जाण शून्य. आणि आपण? आळशी आणि बेशिस्त. हे रक्तातच असतं, शिकवून बदलत नाही.”

खाली अंगठ्यांची रांग. ‘अगदी बरोबर’, ‘कटू आहे पण सत्य आहे’, ‘आपलं कधीच सुधारणार नाही’. शिकलेली माणसं, निवृत्त अधिकारी, दोन डॉक्टर. म्हणून जरा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. मेसेजमधले मुद्दे घेतो, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही. काही मुद्दे दोन ओळींच्याच लायकीचे आहेत.

जर्मनांपासून सुरू करू. ‘मिनिटाला पक्के.’ जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली वेळेवर पोचल्या ६२.५ टक्के. आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत, ती सूट देऊनही हा आकडा आहे. म्हणजे दर आठ गाड्यांतल्या तीन लेट. शेजारचे स्विस लोक याला इतके कंटाळले, की फार उशिरा आलेली जर्मन गाडी ते सीमेवरच्या बासेलच्या स्टेशनातच थांबवतात, उतारूंना तिथून स्विस गाडीत बसवतात आणि पुढचं वेळापत्रक वाचवतात. बर्लिनचा नवा विमानतळ २०१२ च्या जूनमध्ये उघडायचा होता. निमंत्रणं गेली होती. चार आठवड्यांहून कमी दिवस उरले असताना धूर बाहेर काढायच्या यंत्रणेतले दोष पुढे आले आणि उद्घाटन रद्द झालं. तो विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. आमच्याकडचा एखादा उड्डाणपूल असा रखडला असता, तर ‘हे भारतातच होऊ शकतं’ असं त्याच ग्रुपवर आलं असतं.

आता कुणी म्हणेल, अहो हे अलीकडे बिघडलंय, मूळचे जर्मन तसे नव्हते. तर मूळचे कसे होते तेही बघू. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन मुलखात फिरलेल्या इंग्रज प्रवाशांची तक्रार अशी, की हे लोक संथ आहेत, यांना कशाची घाईच नसते. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे गेलेला जर्मनीचाच प्रतिनिधी, फ्रान्झ रुलो नावाचा नामवंत इंजिनिअर, यानं आपल्या देशाच्या मालाचं वर्णन ‘स्वस्त आणि वाईट’ असं केलं आणि मायदेशी खळबळ उडाली. १८८७ साली ब्रिटिशांनी कायदाच केला, की परदेशी मालावर तो कुठे बनला ते छापलं पाहिजे. रोख मुख्यतः जर्मन मालावर होता. गिऱ्हाइकाला कळावं, हा हलका माल आहे, आपला नाही. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का असा जन्माला आला, बदनामीसाठी. आज त्याच शिक्क्याला लोक जास्त पैसे मोजतात. मधल्या काळात जर्मनांचं रक्त बदललं नाही. तंत्रशाळा निघाल्या, कारखाने सुधारले, बँकांनी उद्योगाला पैसा पुरवला.

आणि राबण्याचंच म्हणाल तर कामकरी जर्मन माणूस वर्षाला सरासरी १,३४० तासांच्या आसपास काम करतो. युरोपात ज्यांना आळशी म्हणून हिणवलं जातं ते ग्रीक १,८०० च्या वर, मेक्सिकोचे लोक २,२०० च्या वर. जर्मन कमी तासांत जास्त माल काढतो हे खरं. पण तिथे यंत्र आलं, कौशल्य आलं, व्यवस्था आली. रक्त कुठे आलं?

जपानचा मुद्दा मला सगळ्यात रंजक वाटतो, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो.

१८५७ साली कॅटेनडाइक नावाचा डच नौदल अधिकारी नागासाकीला जपान्यांना आरमारी शिक्षण द्यायला आला. दोन वर्षं राहिला. जपान्यांच्या संथपणानं हा माणूस वैतागून गेला होता. दुरुस्तीसाठी मागवलेलं सामान भरतीची वेळ साधून यायला हवं होतं, ते आलंच नाही. एक कारागीर एकदा येऊन गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. सोलापुरात ज्यानं ज्यानं घर बांधलंय, त्याला हा डच माणूस सख्ख्या भावासारखा वाटेल. पुढे १९०३ साली, जपानात वर्षानुवर्षं राहिलेल्या सिडनी गुलिक या अमेरिकन मिशनऱ्यानं लिहिलं, की बरेचसे जपानी पाहणाऱ्याला आळशी वाटतात आणि वेळ निघून चालल्याची त्यांना फिकीरच दिसत नाही. तो काही जपानचा द्वेष्टा नव्हता, उलट पुढे अमेरिकेत जपान्यांच्या बाजूनं भांडणाऱ्यांत होता. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं.

मग हे लोक मिनिटाला पक्के झाले कसे? तर मुळात त्यांच्याकडे आपण म्हणतो तसलं मिनिटच नव्हतं. जुन्या जपानी पद्धतीत दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून दिवसाचा प्रत्येक भाग मोठा, हिवाळ्यात तोच लहान. शेतकऱ्याला यात काही अडचण नाही, त्याला सूर्याशी मतलब. पण १८७२ ला रेल्वे सुरू झाली आणि १ जानेवारी १८७३ पासून सरकारनं पाश्चात्त्य कॅलेंडर आणि सारख्या लांबीचे २४ तास लागू केले. लोक एका रात्रीत वक्तशीर झाले नाहीत. शाळेतली घंटा, लष्करातली हजेरी, गिरणीचा भोंगा यांनी हळूहळू वळण लावलं. १९२० साली, म्हणजे जवळजवळ ५० वर्षांनंतरही, टोकियोत ‘वेळ’ या विषयावर मुद्दाम प्रदर्शन भरवावं लागलं आणि १० जून हा वेळेचा दिवस म्हणून ठरवावा लागला. जे रक्तात असतं त्याचं प्रदर्शन कशाला भरवावं लागेल?

जपानी मालाचंही तेच. दुसऱ्या महायुद्धाआधी आपल्या बाजारात जपानी म्हणजे स्वस्त आणि न टिकणारा माल. १९३० च्या दशकात जपानी कापडानं इथल्या गिरण्यांच्या तोंडाला फेस आणला, इतका की सरकारला त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत जकात बसवावी लागली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव, तेव्हा ही झळ इथल्या थोरामोठ्यांना ठाऊक होती. त्यांना कुणी सांगितलं असतं, की तुमची नातवंडं ‘जपानी आहे, डोळे झाकून घ्या’ म्हणतील, तर ते हसले असते. आता आणखी एक गंमत: सरासरी जपानी कामगाराचे वर्षाचे तास आज अमेरिकन कामगारापेक्षा कमी भरतात. अर्धवेळ काम करणाऱ्यांची संख्या वाढली हे त्याचं एक कारण. ‘जन्मजात कष्टाळू’चा हिशेब कुठल्या वर्षी मांडायचा ते मेसेजकर्त्यानं सांगावं.

स्विस शांतताप्रिय? हे लोक शेकडो वर्षं युरोपातल्या राजांकडे भाड्यानं लढायला जायचे, तोच त्यांचा मोठा निर्यात धंदा होता. व्हॅटिकनमध्ये पोपच्या दाराशी उभे असतात ते स्विस गार्ड त्याच धंद्याची १५०६ पासूनची खूण. १८४७ साली आपसांत यादवीही झाली. आणि या प्रगत देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला १९७१ साली. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून होता.

फ्रेंचांच्या बेडकांना एकच ओळ पुरे होती, पण त्या ताटात आपलाही हात आहे म्हणून दोन-तीन लिहितो. बेडकाचे पाय बाहेर पाठवणाऱ्या मोठ्या देशांत अनेक वर्षं भारत होता. आपल्याच शेतातले, पाणथळातले बेडूक. ते संपत चालले, पिकावरची कीड वाढायला लागली, तेव्हा १९८७ साली सरकारनं निर्यात बंद केली. बेडूक विकणारा सात्त्विक आणि खाणारा विचित्र, हा न्याय काही पटत नाही.

ज्यूंचं रक्तच व्यापारी, हे म्हणणाऱ्यानं निदान रायगड जिल्ह्यात एक चक्कर मारावी. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मराठी बोलायचे, मराठीत कीर्तनं करायचे. युरोपातल्या ज्यूंना मात्र कित्येक ठिकाणी जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघात शिरता येत नव्हतं, मग उरला तो सावकारीचा आणि व्यापाराचा धंदा. धर्म एकच, पण इथे घाणा आणि तिथे पेढी.

अमेरिकन आईबापांना टाकतात, हा मुद्दा आपल्याकडे फार लाडका. त्यात स्वतःची पाठ थोपटायची सोय असते ना. आकडे बघा. अमेरिकेत ६५ च्या पुढचे सहा कोटींच्या आसपास लोक आहेत. नर्सिंग होममध्ये राहणारे सगळे मिळून १२ लाखांच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्या आगेमागे. मदतनीस मिळतो अशी खास निवासस्थानं त्यात मिळवली, तरी आकडा पाच टक्क्यांच्या आतच राहतो. बाकीचे आपापल्या घरी, जोडीदाराबरोबर, एकटे किंवा मुलांकडे. उलट दोन किंवा जास्त प्रौढ पिढ्यांच्या एकत्र घरांत राहणाऱ्यांचं प्रमाण तिथे वाढलंय: १९७१ साली सात टक्के, २०२१ साली १८ टक्के. घरभाडं महागलं, पाळणाघर परवडेना, बाहेरून आलेली कुटुंबं वाढली. संस्कार एकदम उफाळून आले असं काही झालं नाही.

आणि आपल्या जुळे सोलापुरात संध्याकाळी फेरी मारा. बंगल्यामागून बंगले असे, की आत दोनच माणसं, दोन्ही सत्तरीची. मुलगा हिंजवडीला, मुलगी बंगळुरूला. दसऱ्या-दिवाळीला गाडी भरून येतात, चौथ्या दिवशी शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकरीची पाकिटं घेऊन परत. त्या पोरांनी आईबापांना टाकलं असं आपण म्हणत नाही. नोकरी तिकडे आहे, करणार काय, असं म्हणतो. आपल्या पोरांच्या वेळी कारण दिसतं, अमेरिकनांच्या वेळी मात्र थेट स्वभाव दिसतो.

आता चिनी माणूस. माल हलका, या आरोपाचं उत्तर वर जर्मनी आणि जपानमध्ये येऊन गेलं, पुन्हा लिहीत नाही. हातातला फोन कुठे जोडला गेलाय तेवढं बघा. फसवेपणाच्या मुद्द्यावर मात्र ग्रुपवर एकानं ‘शास्त्रीय पुरावा’ टाकला, त्याची दखल घ्यायला हवी. २०१९ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, हॉटेलं, पोलीस ठाणी, टपाल कचेऱ्यांच्या काउंटरवर ‘रस्त्यात सापडलं’ म्हणून दिली गेली. मालकाला ईमेलनं कळवतात का ते पाहिलं. स्वित्झर्लंड वरच्या टोकाला, चीन खालच्या टोकाला. झालं, मेसेज खरा ठरला!

थांबा जरा. त्या प्रयोगाचा मुख्य निष्कर्ष वेगळाच होता. पाकिटात पैसे असले तर लोक ते जास्त प्रमाणात परत करतात, आणि हे ४० पैकी ३८ देशांत खरं निघालं. माणसाला चोर ठरायची भीती जगात सगळीकडे आहे, असं त्यातून दिसतं. दुसरी गोष्ट, मोजमाप ईमेलचं होतं. चीनमध्ये रोजच्या व्यवहारात ईमेल फारसा कुणी वापरत नाही. नंतर चिनी संशोधकांनी तोच प्रयोग करताना पाकीट जपून ठेवलं होतं का हेही तपासलं, तर बहुसंख्य पाकिटं काउंटरवाल्यांनी सांभाळून ठेवलेली सापडली. आपल्या नवी पेठेतल्या दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईक छत्री विसरलं तर काय करता. तो कुणाला ईमेल करत बसत नाही. छत्री खुंटीला टांगतो आणि ‘येईल की घ्यायला’ म्हणतो.

‘उपकाराची जाण शून्य’ हे वाक्य तर सोलापुरातून पुढे पाठवणाऱ्याची कमाल वाटते. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म इथला, १९१० चा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जपानशी युद्ध चाललेलं, औषधांची टंचाई, तशात तंबूत आणि गुहेत शस्त्रक्रिया. बाकीचे पुढेमागे परतले, कोटणीस तिथेच राहिले. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि डिसेंबर १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी गेले. त्यांचा पुतळा तिकडे शिजियाझुआंगमध्ये उभा आहे. चीनचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचे, हा शिरस्ता कित्येक दशकं चालला, मधल्या १९६२ च्या युद्धानंतरही पुढे सुरू झाला. यात मुत्सद्देगिरी असणारच, सरकारं भाबडी नसतात. आणि या एका उदाहरणावरून ‘चिनी फार कृतज्ञ’ असंही मी म्हणणार नाही, ती तर मेसेजचीच पद्धत झाली. पण शून्य? कोटणीसांच्या गावातून?

राहिलो आपण. आळशी आणि बेशिस्त.

आळशी म्हणणाऱ्यासाठी आधी एक आकडा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातला कामगार आठवड्याला सरासरी ४६-४७ तास काम करतो आणि निम्म्याहून अधिक कामगार ४९ तासांपेक्षा जास्त. जगात सर्वाधिक राबणाऱ्यांच्या यादीत आपण अगदी वर आहोत. पण आकडा राहू द्या. माझा व्यवहार सुताचा, त्यामुळे पूर्व भागात येणं-जाणं असतं. पॉवरलूमच्या शेडमध्ये पाच मिनिटं उभे राहून बघा. खटखट इतकी, की शेजारच्याशी खुणेनं बोलावं लागतं. हवेत सुताची भुकटी, वर तापलेला पत्रा, मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश. एक माणूस एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवून असतो. धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, बोटानं गाठ मारायची, माग चालू करायचा, तोवर पलीकडचा तुटलेला. अशी बारा बारा तासांची पाळी, आणि मजुरी विणलेल्या मालावर. माग जितका वेळ बंद तितकं पोटाला कमी.

त्याच माणसाची बायको घरी विड्या वळत असते. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात कात्री. पान कापलं, तंबाखू पसरला, गुंडाळलं, टोक मुडपलं, दोरा बांधला. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात मोजताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या तिच्या अंगावर. हे सगळं स्वयंपाक, पाणी भरणं, पोरांची शाळा सांभाळून. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. त्यांच्या जिवावर चालणाऱ्या गावात बसून ‘आपण भारतीय आळशी’ असं टाइप करायला बोट धजावतं कसं? उत्पन्न कमी आहे म्हणून माणूस आळशी, हा हिशेब सोयीचा आहे. जुन्या मागावर जर्मन बसवला तरी टॉवेल तितकेच निघतील. त्यातही तो पत्र्याखाली मे महिना काढील याची खात्री मी देत नाही.

बेशिस्तीचं मात्र मी झटकून टाकत नाही. सात रस्ता चौकात लाल दिव्यात घुसणारे मी रोज बघतो. फक्त ती रक्तातली आहे का, एवढंच विचारतो. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या आहेत. तिथल्या परदेशी अधिकाऱ्यांना राजनैतिक संरक्षण असल्यानं नो पार्किंगमध्ये गाडी लावली तरी दंड भरावाच लागत नसे. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत दीड लाखावर पावत्या अशा थकल्या. अर्थतज्ज्ञांनी त्यांचा देशवार अभ्यास केला. हे मान्य करायला हवं, की ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो त्यांचे लोक जास्त पावत्या थकवत होते. म्हणजे घरची सवय माणूस बरोबर नेतो. फरक असतात, मी नाही म्हणत नाही. पण २००२ च्या शेवटी शहरानं थकबाकीदारांच्या गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली, आणि नियम मोडणं सुमारे ९८ टक्क्यांनी घटलं. माणसं तीच होती. त्यांचं रक्त तपासायला कुणी गेलं नव्हतं.

आणि आपल्याकडेच बघा ना. सात रस्त्याला सिग्नल मोडणारा गडी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाखाली उभा असतो. एवढी उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत, गर्दीतून, ठरल्या वाटेनं, ठरल्या मानाच्या क्रमानं सात नंदीध्वज निघतात. कुणी पुढे घुसत नाही. तिथे क्रम कुणाचा, जागा कुणाची हे पिढ्यान्‌पिढ्या पक्कं आहे आणि चुकलं तर लाज आहे. सिग्नलवर यातलं काहीच नाही.

आता मेसेजचा गाभा, ‘रक्तातच असतं’. यावर २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४९ संस्कृतींतल्या जवळपास चार हजार लोकांना विचारलं, तुमच्या देशाचा माणूस साधारण कसा असतो? मग त्याच समाजांतल्या प्रत्यक्ष माणसांच्या स्वभावाच्या मोजमापाशी उत्तरं ताडून पाहिली. मेळ बसला नाही. स्वतःच्याच देशाबद्दलचं लोकांचं चित्र आणि देशातली खरी माणसं, दोन्हींचा संबंध लागेना. म्हणजे ‘आपणच आपल्याला ओळखतो’ हेही खरं नाही.

पण सोलापूरकराला या विषयावर परदेशी अभ्यास दाखवावा लागतो याचंच मला नवल वाटतं. आपल्या गावात सेटलमेंट आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी तो नेऊन सोडतो, बसच्या पाटीवर, पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ अमुक नंबर असं लिहिलेलं असतं. ही कसली सेटलमेंट, हे ग्रुपवरच्या तरुण पोरांना विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार शब्दशः या मेसेजचाच होता: काही जमातींत गुन्हा रक्तातच असतो, बाप सुतार तर पोरगा सुतार, तसा बाप चोर तर पोरगा चोर. सरकारनं एकदा जमातीचं नाव यादीत घातलं की त्यात जन्मलेला प्रत्येक जण गुन्हेगार, त्यानं काही केलेलं असो वा नसो. १९११ च्या सुधारित कायद्यानं हे मुंबई इलाख्यालाही लागू झालं. आणि सोलापूरला तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. आत राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायला पास लागायचा. मजूर म्हणून आतल्या माणसांना इथल्याच गिरण्यांत कामाला पाठवायचं. म्हणजे ज्यांच्या रक्तात चोरी आहे म्हणून कोंडलं, त्यांच्याच घामावर गिरणीचा भोंगा वाजत होता. तिथे मात्र त्यांचं रक्त चालत होतं.

ही माणसं होती कोण? त्यांतल्या कितीतरी जमाती फिरस्त्या. बैलांवर, गाढवांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव पोचवणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या, खेळ करणाऱ्या. रेल्वे आली, सोलापूरपर्यंत ती १८६० ला पोचली, आणि जनावरांवरची वाहतूक बसली. मिठावर सरकारी बंधनं आली, जंगलं बंद झाली. पोट तुटलं. त्यात काहींनी चोऱ्या केल्या असतील, उपाशी माणूस करतो. पण सरकारनं कारण पाहिलं नाही, जात पाहिली.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून भटक्या-विमुक्तांत हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. सोलापूरच्या सेटलमेंटची तार पंडित नेहरूंच्या हातून तुटली, ही आठवण त्या वस्तीत अजून सांगतात. तार तुटली तरी कागद राहिले. आपल्याच मुंबई राज्यानं १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचं नाव नव्हतं, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालांवर जाते, हे त्या पालांवरच्या लोकांना विचारा. ग्रुपवरच एकानं मला लिहिलं, ‘अहो, गंमत म्हणून फॉरवर्ड केलं, एवढं काय मनावर घेता?’ जर्मन, जपानी, स्विस मनावर घेणार नाहीत, त्यांचं काही बिघडत नाही. सेटलमेंटमधल्या पत्त्यावरून नोकरीचा अर्ज करणाऱ्या पोराचं बिघडतं.

ज्यांना हे सगळं जुन्या काळचं वाटतं त्यांच्यासाठी शेवटची तारीख: ३ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीप्रमाणे कामं वाटणाऱ्या आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य आहेत, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाली होती आणि रकाना तोवर होता.